बुडालेले दुकान आणि बुडविलेली खते

आज फाल्गुन वद्य द्वितीया. अवघा महाराष्ट्र जिला नुसत्या 'बीज' या नावाने ओळखतो, ती श्रीतुकाराममहाराजांच्या वैकुंठगमनाची तिथी. देहूत गोपाळपुऱ्यातील नांदुरकीच्या वृक्षाखाली आज मध्यान्ही भाविकांची दाटी होईल, टाळमृदंगाचा गजर टिपेला जाईल आणि वृक्षाच्या दिशेने फुले उधळली जातील. गावोगावच्या मंदिरांतून वैकुंठगमनाचे आख्यान लागेल. गेली चाळीस वर्षे आम्हीही या तिथीला तेच आख्यान लावीत आलो आहोत.

यंदा लेखणी हाती घेतली तेव्हा मात्र डोळ्यांपुढे दुसरेच तुकोबा उभे राहिले. वय बावीसच्या आतबाहेर, दुकानाच्या ओट्यावर बसलेले, पुढ्यात रिकामी तागडी आणि मागे रिकामी कोठी. हे पान आज ज्या घरांतून वाचले जाईल त्यांपैकी काही घरांत कर्त्या पुरुषाची नोकरी गेलेली असेल, काहींच्या धंद्याला उतरती कळा लागली असेल, आणि कोठे पुढच्या महिन्याचे घरभाडे कसे द्यावे या विवंचनेत नवराबायको एकमेकांची नजर चुकवीत असतील. विमानात बसून जाणाऱ्या तुकोबांना त्या घरांतून हात जोडले जातील. पण त्या घराला जवळचे वाटतील ते ओट्यावरचे तुकोबा. त्यांचेच चरित्र आज सांगावे असे आम्ही योजिले आहे.

तुकोबांचा जन्म बहुतेक अभ्यासक इ. स. १६०८ चा मानतात. घराणे मोरे, आडनाव आंबिले. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात विठ्ठलभक्ती आणि पंढरीची वारी चालत आलेली. वडील बोल्होबा, माता कनकाई, वडील बंधू सावजी आणि धाकटे कान्होबा. देहूच्या पेठेची महाजनकी या घराण्याकडे होती. महाजन म्हणजे बाजारपेठेचा मानकरी. पेठेत त्याच्या शब्दाला वजन असे आणि गावात त्याची पत असे. घरी शेती, गुरेढोरे, वाण्याचे दुकान आणि सावकारी असा चौफेर संसार होता. तुकोबा दारिद्र्यात जन्मले आणि दारिद्र्यातच राहिले अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. ते भरल्या घरात जन्मले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते घर रिते झाले. जन्मापासूनच्या गरिबीला माणूस सरावलेला असतो. आलेल्या गरिबीला प्रत्येक दिवस कालच्या दिवसाशी ताडून पाहावा लागतो.

सावजी वृत्तीने विरक्त. त्यांनी व्यवहारात लक्ष घालण्याचे नाकारले, तेव्हा बोल्होबांनी तो भार मधल्या मुलावर टाकला. तुकोबांचे वय तेव्हा तेरा वर्षांचे होते, असे परंपरा सांगते. मुलगा हुशार निघाला. दुकान नीट चालले, वसुली वेळेवर होऊ लागली, लोक वाखाणू लागले. पहिली पत्नी रखुमाबाई दम्याने आजारी असत म्हणून वडिलांनी पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाई हिच्याशी तुकोबांचा दुसरा विवाह लावून दिला. जिजाई सधन घरची लेक. ती देहूला आली ती महाजनाच्या घरची सून म्हणून, हे पुढील कथेसाठी ध्यानात ठेवावे.

पुढे एकामागून एक आघात झाले. तुकोबा सतराअठरा वर्षांचे असतील तेव्हा आईवडील निवर्तले. सावजींची पत्नी वारली आणि सावजी तीर्थयात्रेस निघून गेले, ते पुन्हा घरी आलेच नाहीत. घरात आजारी पत्नी, तरुण पत्नी, संतोबा नावाचे लहान मूल, धाकटा भाऊ आणि त्याचा संसार. या साऱ्यांच्या मुखी घास घालणारा एकटा तुकोबा. तरीही दुकान उभे होते. दुकान उभे असले म्हणजे दुःखही सोसता येते, हे संसारी माणसाला सांगावयास नको.

आणि मग १६३० साल उजाडले. त्या वर्षी गुजरातेत आणि दख्खनेत पावसाने पाठ फिरविली. पुढची दोन वर्षे या भूमीने जे पाहिले त्याची नोंद परक्यांनीही करून ठेविली आहे. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्या वर्षाअखेरीस सुरतेहून बऱ्हाणपुरावरून आग्र्याकडे निघाला होता. ओस पडलेली गावे आणि रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेते यांचे त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. शहाजहानच्या दरबारी इतिहासकारानेही या दुष्काळाचे भीषण चित्र रेखाटले आहे. त्यातच युद्धाची भर. मोगल, निजामशाही आणि आदिलशाही यांच्या फौजा याच मुलखातून वावरत होत्या. बादशहाची छावणी बऱ्हाणपुरास होती. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने याच सुमारास पुणे जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरविला. त्याच १६३० च्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवप्रभूंचा जन्म झाला. देहूपासून ते स्थान फार दूर नाही. उद्याचा प्रकाश जवळच जन्मला होता, पण देहूच्या पेठेत त्या दिवसांत कोणाला काही दिसत नव्हते.

अशा काळात वाण्याचे दुकान कसे बुडते हे आजच्या वाचकांनी समजून घ्यावे, कारण त्याची रीत आजही तीच आहे. खेड्यातला कुणबी पेरणीला आणि लग्नाकार्याला दुकानातून उधार नेतो. त्याचे खत लिहिले जाते आणि सुगीला धान्याच्या रूपाने फेड होते. दुकानदाराचे भांडवल म्हणून कोठीत थोडे आणि कागदावर फार असते. पाऊस चुकला की कुणब्याची सुगी जाते. त्याची सुगी गेली की दुकानदाराचे येणे अडकते. येणे अडकले की त्याला नवा माल भरता येत नाही, आणि त्याने ज्यांच्याकडून माल उचलला ते दारात येऊन उभे राहतात. चारा नाही म्हणून गोणीचे बैल मरतात. बैल मेले की परगावची पेठ बंद होते. यात कोणाचाच आळस नसतो. एकाची साखळी दुसऱ्याच्या पायात अडकलेली असते आणि सारे एकदमच पडतात. ज्याला आज आपण मंदी म्हणतो ती हीच. पाऊस देहूत पडला नाही की दुकान देहूत बुडे. आता परदेशातील एखादी पेढी बुडाली की चाकणच्या कारखान्यातील पाळी बंद होते. अंतर तेवढे वाढले आहे.

तुकोबांचे दिवाळे निघाले. सासऱ्यांनी आणि आप्तांनी भांडवल देऊन त्यांना सावरण्याचा यत्न केला, असे चरित्रकार सांगतात. पण पडत्या भिंतीला टेकू किती देणार? महाजनाच्या मुलाला पेठेत कोणी दारात उभे करीना. आणि त्याच दुष्काळात रखुमाबाई अन्न अन्न करीत गेल्या. पाठोपाठ संतोबाही गेला.

येथे आम्हांला थांबले पाहिजे. कीर्तनकाराच्या जिभेला एक खोड असते. असा प्रसंग आला की तो चटकन म्हणून जातो, देवाने भक्ताची परीक्षा पाहिली. आम्हीही अनेक वर्षे तसे म्हणत आलो. आता ते वाक्य आमच्या तोंडून निघत नाही. उपाशी मेलेली स्त्री आणि तिचे मूल ही कोणाच्या परीक्षेची साधने नव्हेत. आमच्या शास्त्रांनीही भुकेची अशी थट्टा केलेली नाही. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्म या नावाचे एक स्वतंत्र उपपर्वच आहे. त्यात बारा वर्षांच्या अवर्षणाची कथा येते. विश्वामित्रांसारखा ऋषी भुकेने व्याकुळ होऊन चांडाळाच्या घरातील कुत्र्याचे मांस घ्यावयास जातो, आणि तो चांडाळच त्याला धर्म सांगू लागतो. तेव्हा ऋषी जे उत्तर देतो त्याचा भाव असा, की आधी जीव राखावा, जीव राहिला तर धर्म आचरता येईल. ज्या परंपरेने एवढ्या मोठ्या ऋषीची भूक झाकून ठेविली नाही, तिच्या वारसांनी घरातली अडचण का झाकावी?

हा प्रश्न आम्हांला प्रथम पडला तो २००९ साली, देहूत, बीजेच्या सप्ताहात. आदल्या वर्षी परदेशात सुरू झालेल्या मंदीची झळ तोवर आपल्या औद्योगिक पट्ट्यापर्यंत आली होती. सकाळी स्नानासाठी आम्ही इंद्रायणीच्या घाटावर जात असू. एक तिशीपस्तिशीचा गृहस्थ कारखान्याचा गणवेश घालून, जेवणाचा डबा शेजारी ठेवून पायरीवर बसलेला असे. आम्हांला वाटले, पाळीला जाण्यापूर्वी दर्शनास येत असेल. पण दुपारी आम्ही परत येऊ तेव्हाही तो तेथेच, आणि संध्याकाळी दिवेलागणीला उठून जाई. चौथ्या दिवशी आम्ही त्याच्याजवळ बसलो. काही वेळाने तो बोलता झाला. त्याला कामावरून कमी करून सहा आठवडे झाले होते आणि घरी सांगितलेले नव्हते. पत्नी पहाटे उठून डबा करी, तो वेळेवर घराबाहेर पडे आणि पाळी सुटण्याच्या वेळी घरी जाई. साठविलेल्या पैशांतून पगार म्हणून घरात रक्कम देई. ते पैसेही आता संपत आले होते. पगार गेल्याचे दुःख त्याने फारसे सांगितले नाही. तो पुनःपुन्हा एकच सांगे, की डबा उघडला की घास उतरत नाही.

त्याला काय सांगावे? आम्ही त्याला तुकोबांची आठवण दिली. बुडालेल्या धंद्याची हकीकत आपल्याला कोणी शत्रूने किंवा इतिहासकाराने सांगितलेली नाही. ती स्वतः तुकोबांनी सांगितली आहे. पुढे थोरपण आल्यावर संतमंडळींनी त्यांना आपले चरित्र सांगण्याचा आग्रह केला, तेव्हा त्यांनी ते अभंगातून सांगितले. त्यात चमत्कारांची रास नाही. जात, व्यवसाय, आईवडिलांचा मृत्यू, दुष्काळाने द्रव्याबरोबर मानही गेला ते, एक पत्नी अन्नावाचून मेली ते, आणि या साऱ्याची वाटलेली लाज, इतके सगळे त्यांनी जमाखर्चाच्या वहीसारखे मांडले आहे. आपली बायको आपल्या घरात उपाशी मेली, हे जगापुढे म्हणणारा दुसरा पुरुष आम्हांला ठाऊक नाही. आम्ही त्या गृहस्थाला एवढेच म्हटले की ज्याच्या गावात आपण बसलो आहोत त्याने हे लपविले नाही. आपण आज रात्री घरी सांगावे. तो काही न बोलता उठून गेला.

दिवाळे निघाल्यावर तुकोबांनी काय केले, हेही नीट पाहिले पाहिजे. ते लगेच डोंगरावर जाऊन बसले नाहीत. अठराव्या शतकात ताहराबादच्या महिपतिबुवांनी 'भक्तविजय' आणि 'भक्तलीलामृत' या ग्रंथांतून तुकोबांच्या कथा सांगितल्या. त्यांत हा बुडालेला महाजन पुन्हा पुन्हा उभा राहू पाहताना दिसतो. कधी तो मिरच्या घेऊन कोकणात विकावयास जातो. कधी दुसऱ्याच्या शेताची राखण पत्करतो. कधी जिजाई आपल्या नावावर कर्ज काढून त्याला मिठाचा व्यापार करावयास धाडते. पेठेचा मानकरी दुसऱ्याच्या माळ्यावर गोफण घेऊन बसला होता, ही गोष्ट आपण कीर्तनात पाखरांच्या विनोदासाठी सांगतो. पाखरे कणसे खात राहिली आणि राखणदार भजनात रंगला, की सभा हसते. पण हातचे गेल्यावर मिळेल ते काम करण्यास तुकोबा लाजले नाहीत, हा त्या कथेचा गाभा हसण्यात हरवून जातो. ते प्रत्येक कामात अपेशी ठरले, हेही खरे. काम धरणे एवढेच त्यांच्या हाती होते.

मग ते भामचंद्र डोंगरावर गेले. पंधरा दिवस ते तेथे होते आणि तेथेच त्यांना साक्षात्कार झाला, अशी परंपरा आहे. कान्होबा भावाला शोधीत रानोमाळ हिंडला आणि अखेरीस तेथे पोहोचला. त्यानंतर दोघे भाऊ इंद्रायणीकाठी आले. तेथे जे घडले ते तुकोबांच्या चरित्रातील मर्मस्थान होय, असे आम्ही मानतो.

तुकोबांनी घरातील कर्जखते मागविली. ही खते लोकांकडून येणे असलेल्या पैशांची होती, हे विसरू नये. जे कुणबी दुष्काळात स्वतःच नागवले गेले होते त्यांच्या सह्यांचे ते कागद. तुकोबा ती सारी नदीत सोडू लागले, तेव्हा कान्होबांनी हात धरला. आपण साधू झालात, मला मात्र पोरेबाळे पोसावयाची आहेत, असा त्यांचा आशय होता. तुकोबांनी धाकट्याला उपदेश केला नाही. खतांचे दोन सारखे वाटे केले. निम्मी कान्होबांच्या हवाली केली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीच्या डोहात बुडविली.

दुकान बुडाले ते दैवाने. खते बुडविली ती तुकोबांनी. या दोन क्रियापदांमध्ये सारे चरित्र सामावले आहे. जे आपल्या हातून निसटून जाते त्याने माणूस खचतो, कारण तेथे त्याची इच्छा विचारलेली नसते. सर्वस्व गेलेल्या तुकोबांच्या हाती कागदांचे एक बाड तेवढे उरले होते, आणि त्याचे काय करावयाचे हे ठरविणे त्यांच्या इच्छेवर होते. त्यांनी ठरविले की आपण ज्या आगीत भाजलो तिच्यात आपल्या कागदामुळे दुसऱ्या कोणी भाजू नये. त्या दिवसापासून ते दिवाळखोर उरले नाहीत. ज्याचे काही बुडाले आहे असा माणूस घाटावर आला होता; ज्याने काही सोडून दिले आहे असा माणूस घाटावरून परतला.

या कथेचा विपरीत अर्थ काढणारेही असतात, म्हणून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. तुकोबांनी आपले येणे बुडविले; कोणाचे देणे बुडविले नाही. कर्ज काढून ते न फेडणाऱ्याला इंद्रायणीचा हा डोह आश्रय देत नाही. आणि त्यांनी आपल्याच वाट्याची खते बुडविली. कान्होबांच्या संसाराच्या जिवावर त्यांनी औदार्य केले नाही. वैराग्य स्वतःच्या वाट्याचे असावे, भावाच्या वाट्याचे नसावे.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे, पण तोही आज वेगळ्या दृष्टीने पाहू. देहूचे विठ्ठलमंदिर पडझडीला आले होते. तुकोबांनी स्वतः खपून त्याचा जीर्णोद्धार केला. ज्याला पेठेत काम उरले नव्हते त्याने आपणहून काम शोधले. मग एकादशीच्या कीर्तनात मागे उभे राहून ध्रुपद धरावयास सुरुवात केली. आरंभी अभ्यास नव्हता, म्हणून पूर्वीच्या संतांची वचने त्यांनी पाठ केली. कालपर्यंत ज्याच्या शब्दावर पेठ चालत असे, तो दुसऱ्याच्या मागे टाळ घेऊन उभा राहिला आणि विद्यार्थी झाला. भंडाऱ्याच्या डोंगरावर बसून ज्ञानदेवांचा, नामदेवांचा, एकनाथांचा पाठ झाला. बाबाजी चैतन्यांचा स्वप्नात उपदेश झाला, आणि मग वाणीला पाझर फुटला.

इंद्रायणीत तुकोबांचे कागद दोनदा बुडाले. दुसऱ्या वेळी ते अभंगांच्या वह्यांचे होते. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांच्या निषेधामुळे त्या वह्या बुडवाव्या लागल्या, आणि तेव्हा हाच पुरुष अन्नपाणी वर्ज्य करून तेरा दिवस नदीकाठी शिळेवर बसून राहिला. वह्या तरून वर आल्या असे भाविक सांगतात. पुढे रामेश्वरभट्टच त्यांचे शिष्य झाले, तेल्याचा व्यवसाय करणाऱ्या संताजी जगनाड्यांनी लिहिलेल्या अभंगांच्या वह्या राहिल्या, आणि गाथा आपल्यापर्यंत आली. पैशांच्या खतांसाठी तुकोबा तेरा क्षणही थांबले नाहीत. अभंगांसाठी तेरा दिवस बसले. काय गेले तर चालेल आणि काय जाऊ द्यावयाचे नाही, याचा एवढा स्वच्छ हिशेब दुसऱ्या कोणा वाण्याने मांडला नसेल.

आता जिजाईविषयी. हे लिहिताना आम्हांला थोडी शरम वाटते. पिढ्यान् पिढ्या कीर्तनकारांनी या बाईला कजाग ठरवून सभा हसविली. आम्हीही उसाच्या मोळीची कथा रंगवून सांगितली; उरलेला एक ऊस तिने नवऱ्याच्या पाठीवर कसा मोडला, हे हातवारे करून दाखविले. घाटावरच्या त्या गृहस्थाला भेटल्यानंतर मात्र आम्हांला जिजाई निराळी दिसू लागली. सधन माहेर, महाजनाचे सासर, आणि पदरी आला तो दुष्काळ, सवतीचा व तिच्या लेकराचा मृत्यू, आणि घरात काही न टिकू देणारा नवरा. तिने कर्ज काढले ते आपल्या नावावर. मुलांना तिने जगविले. आणि तोंडाने कितीही बोलली तरी भाकरी घेऊन रोज डोंगर चढली. त्याने खाल्ल्यावाचून तिने खाल्ले नाही, असे परंपराच सांगते. ती भाकरी कोठून आली हे विचारण्याचे कष्ट आम्हां कीर्तनकारांनी घेतले नाहीत. तिचे रागावणे हे घराचा जमाखर्च सांभाळणाऱ्या बाईचे रागावणे होते. ज्या घरात उत्पन्न थांबते तेथे असे शब्द उठतातच. ते शब्द अभक्तीचे नव्हेत, काळजीचे असतात. आज सांजवेळी हे पान वाचणाऱ्या मायबहिणींना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

दुसऱ्या वर्षी आषाढीला तो घाटावरचा गृहस्थ पंढरपुरात आमच्या घरी आला, सपत्नीक. एका लहान कारखान्यात त्याला काम लागले होते, पगार पूर्वीपेक्षा कमी. त्या रात्री घरी सांगितल्यावर काय झाले हे त्याच्या पत्नीनेच सांगितले. ती प्रथम पुष्कळ बोलली, रडली. दुसऱ्या दिवशी तिने डबा केला नाही. दोघांची पाने घरात शेजारी मांडली. सहा आठवड्यांनी त्याचा घास उतरला तो तेव्हा.

पुढे आमच्यावरही तशी वेळ आली. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे पंढरीचे मंदिर दर्शनास बंद झाले. त्या वर्षी आषाढीची पायी वारी झाली नाही, पालख्या एस. टी.च्या बसमधून आल्या. कीर्तने थांबली आणि त्यांबरोबर बिदागीही. वारकऱ्यांवर जगणारे आमचे अवघे गाव, चुरमुरे-बत्ताशांच्या दुकानापासून तुळशीमाळा विकणाऱ्या बाईपर्यंत, एकदम रिकामे झाले. आयुष्यभर लोकांना धीर देणारे आम्ही महिनाभर गल्लीतल्या किराणा दुकानापुढून मान खाली घालून जात होतो. एके दिवशी दुकानदाराने स्वतः हाक मारली आणि पिशवी भरून दिली. त्याची स्वतःची विक्री निम्म्यावर आली होती. वहीत आमच्या नावाचे पान होते, पण नोव्हेंबरात मंदिर उघडेपर्यंत त्याने ते एकदाही आमच्यापुढे उघडले नाही. पुढे आम्ही पै न् पै फेडली. देणे फेडणे हा आमचा धर्म होता, आणि ते न मागणे हा त्याने आपणहून पत्करलेला धर्म. घाटावरच्या गृहस्थाला जे सांगणे सोपे वाटले होते, ते स्वतःवर आल्यावर किती अवघड असते, हे त्या महिन्यात कळले. तुकोबांच्या आत्मकथनाचे अभंग त्यानंतर आमच्या तोंडून पूर्वीच्या सहजतेने निघत नाहीत.

शके १५७१, म्हणजे इसवी सन १६५०, फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबा वैकुंठास गेले. वय अवघे बेचाळीस. ज्या कान्होबांनी निम्मी खते मागून घेतली होती त्यांनीच भावाच्या वियोगाचे हृदयद्रावक अभंग रचिले. जिजाई तेव्हा गर्भवती होत्या. त्यांच्या पोटी जन्मलेल्या नारायणमहाराजांनी १६८५ साली देहूहून पालखीचा सोहळा सुरू केला, आणि तो आजही लाखोंना चालवीत पंढरीस आणतो. दुकानाचा मागमूस नाही. खतांवर कोणाचे नाव होते हे कोणी सांगू शकत नाही.

आज बीजेचा नैवेद्य दाखविताना, ज्यांच्या घरी कमावता हात रिकामा झाला आहे त्यांनी ती गोष्ट देवापासून आणि घरच्यांपासून लपवू नये. पाने शेजारी मांडावीत. मिळेल त्या कामाला हात घालावा, आणि वेळ उरेल तर काही नवे पाठ करावे. आणि ज्यांच्या घरी देवाच्या कृपेने अद्याप भरले आहे, त्यांनी आपली वही एकदा चाळून पाहावी. एखाद्या अडलेल्या भाडेकरूचे, एखाद्या गड्याचे, एखाद्या नात्यातल्या माणसाचे पान त्यात असेल. सारी वही बुडवा असे आम्ही म्हणत नाही; तुकोबांनीही निम्मीच बुडविली. एखादे पान तरी आज इंद्रायणीला द्यावे.